नांदूरघाटात अक्षरं किती?

डेटाबेसच्या पेपरला आपण सगळे नॉर्मलायझेशन लिहून येतो. एम्प्लॉयी, डिपार्टमेंट, सॅलरी ही तीन टेबलं तर झोपेत विचारली तरी पाठ! पण त्या एम्प्लॉयी टेबलात कधी कोणी मराठीत नाव भरत नाही, कोणाचा पगार पैशात अडकत नाही आणि कधी लाईट जात नाही. म्हणून यंदा मॅगझिनसाठी लेख मागितला तेव्हा ठरवलं, की पुस्तकात नसलेल्या एका सॉफ्टवेअरबद्दल लिहायचं. सरांनी रागावू नये.

माझं गाव नांदूरघाट, तालुका केज, जिल्हा बीड. तिथे मामाचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं (म्हणजे फवारणीची) आणि मुख्य म्हणजे उधारी. आमच्याकडचा शेतकरी पेरणीला माल नेतो आणि सोयाबीन विकलं की पैसे देतो. मधले चार महिने सगळा व्यवहार दुकानदाराच्या खात्यावर आणि दोघांच्या शब्दावर चालतो. हे खातं मामाने काही वर्षांपूर्वी संगणकावर घेतलं. प्रोग्राम ज्याने लिहिला तो मुलगा पुण्याला नोकरीला लागला आणि फोन उचलेना. मग सुट्टीत मी घरी गेलो की मामाचं एकच पालुपद, "तू इंजिनेर व्हायलास ना? मग बघ की, हे डबडं कामून असं करायलंय!"

पहिली तक्रार गावाच्या नावाची होती. बिलावर पत्ता छापून यायचा "नांदूर" आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. घाट गायब. आता नुसतं नांदूर म्हटलं तर महाराष्ट्रात कितीतरी निघतील. नाशिककडे नांदूर शिंगोटे आहे, नांदूर मधमेश्वर आहे, जिथलं पक्षी अभयारण्य राज्यातलं पहिलं रामसर स्थळ झालं. मामा म्हणाला, "आपल्याला बदकांत नेऊन बसवलंय ह्यानं."

मित्रांनो, इथे जरा वही-पेन घ्या. नांदूरघाट या शब्दात अक्षरं किती? शाळेतल्या बाईंना विचारलं तर पाच : नां, दू, र, घा, ट. युनिकोडला विचारलं तर नऊ, कारण तिथे काना, अनुस्वार, ऊकार हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे हार्डडिस्कला विचारलं तर सत्तावीस! प्रोग्राम गावाचं नाव सेव्ह करण्याआधी २० बाइटवर कापत होता. सहा चिन्हांचे १८ बाइट झाले, "नांदूर" आलं. उरलेल्या दोन बाइटांत "घ" चा दोन-तृतीयांश भाग बसला. दोन-तृतीयांश घ छापता येत नाही, म्हणून प्रिंटरने प्रश्नचिन्ह काढलं.

लिहिणाऱ्याने २० का ठेवले असतील? त्याला नावं ठेवण्याआधी जरा मागे जाऊन बघितलं. प्रोग्राम मूळचा जुन्या मराठी फॉन्टांच्या काळातला होता. तेव्हा एका चिन्हाला एक बाइट असा हिशोब असायचा आणि नांदूरघाट दहा-बारा बाइटांत आरामात मावायचं. पुढे डेटा युनिकोडमध्ये आणला, पण २० चा आकडा तसाच राहिला. मग चाचणी घेतली असेलच ना? घेतली होती. जुन्या नोंदींत चाचणीची बिलं सापडली, गावं होती केज आणि बीड. दोन्ही नऊ-नऊ बाइटांची! तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सगळं व्यवस्थित चालत होतं. बिघडलं ते नांदूरघाटला, बनसारोळ्याला, युसूफवडगावला. अंबाजोगाईचं तर "अंबाजो" झालं होतं. सरकारी योजनाच वाटावी अशी गोष्ट आहे, पण विषयांतर नको.

ही चूक निदान डोळ्यांना दिसत होती. पुढची दिसत नव्हती, आणि तिनेच खरा घोळ घातला.

गावात एक म्हातारे शेतकरी आहेत, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तात्यांनी सोयाबीन विकून आठ हजार रुपये दुकानात भरले होते. दिवाळीनंतर ते हरभऱ्याचं बियाणं न्यायला आले, तर संगणकावर आठ हजार बाकी. दुकानात पाच-सात माणसं बसलेली. मामाने मॉनिटर त्यांच्याकडे फिरवला, तात्यांनी मान दुसरीकडे फिरवली. म्हणाले, "मशीन खोटं बोलत नसल, पर मी बी बोलत न्हाई." आणि बियाणं न घेता निघून गेले. तीस वर्षांचं गिऱ्हाईक. मामा रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्राहकांची यादी उघडली. तात्यांचं नाव दोनदा! एका खात्यावर आठ हजार येणं, दुसऱ्यावर आठ हजार जमा. म्हणजे पैसे आले होते, लिहिले गेले होते, पण दुसऱ्याच तात्यांच्या नावावर. गंमत अशी, की दोन्ही नावं पडद्यावर अगदी सारखी दिसत होती. काना-मात्रेचा फरक नाही. प्रोग्राम मात्र म्हणत होता की ही दोन माणसं आहेत.

अशा वेळी नुसतं बघत बसून उपयोग नसतो, मोजावं लागतं. तात्यांचं आडनाव इथे देत नाही, समजा ते कुऱ्हाडे आहे. दोन्ही नोंदींतल्या आडनावांची लांबी छापून बघितली. एक आठ, एक नऊ! जे डोळ्यांना सारखं आहे ते आठही आहे आणि नऊही, म्हणजे एकात न दिसणारं काहीतरी बसलंय. मग एकेक चिन्ह वेगळं काढून छापलं आणि चोर सापडला.

मराठीत हा जो ऱ्ह-ऱ्य मधला आडवा र आहे ना, आपल्या शेतकऱ्यातला, तो टाईप करायच्या किमान दोन रीती प्रचारात आहेत. एकीत "ऱ" हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक चिन्ह, ज्याला रुंदीच नाही. दिसणारं अक्षर एकच. दुकानातला मुनीम जुन्या कीबोर्डवर दुसऱ्या रीतीने टाईप करायचा, मामेबहीण नवीन कीबोर्डवर पहिल्या रीतीने. माल मुनिमाने दिला आणि पैसे बहिणीने घेतले. तिने नाव शोधलं, सापडलं नाही, म्हणून नवीन खातं उघडलं. दोघांपैकी कोणाचंच काही चुकलं नव्हतं.

तयार युनिकोड नॉर्मलायझेशनचं फंक्शन वापरलं की झालं, असं मला आधी वाटलं होतं. ते फंक्शन र आणि खालचा नुक्ता यांना जोडून ऱ करतं, पण झीरो विड्थ जॉइनरवाल्या रूपाला हात लावत नाही. तसंच "ॲ" चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे, अजूनही देतात. युनिकोडच्या दृष्टीने ती दोन रूपं एक नाहीत. तेव्हा हे नियम आपले आपणच लिहावे लागतात : सेव्ह करताना आणि शोधताना, दोन्हीकडे, सगळी रूपं एका रूपात आणायची. सेव्ह करताना बदललं आणि शोधताना विसरलं तर घोळ दुप्पट. शिवाय ग्राहकाची ओळख नावावर ठेवायचीच नाही. खाते क्रमांक द्यायचा, नाव फक्त दाखवायला. प्रायमरी की म्हणजे काय हे मी दोनदा परीक्षेत लिहिलंय, पण ती कशासाठी असते हे त्या दिवशी कळलं.

यादी तपासली तर अशी आणखी अकरा जोडपी निघाली. इथे मोह होतो, की एक क्वेरी मारू आणि सगळी खाती एकत्र करून टाकू. ते केलं नाही. एकाच नावाचे काका-पुतणे गावात असतात. यादी छापून मामाला दिली, त्याने पेन्सिलीने खुणा केल्या. नऊ जोडपी खरंच एक माणूस होती, दोन नव्हती. ती दोन क्वेरीला कधीच कळली नसती.

हा प्रश्न एका दुकानापुरता वाटेल. पण २०१७ साली राज्य सरकारने दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीसाठी ऑनलाइन अर्ज मागवले, तेव्हा शेतकऱ्यांनी भरलेली माहिती आणि बँकांकडून आलेली माहिती जुळवताना विसंगती निघाल्या आणि पैसे खात्यावर पडायला उशीर झाला. यादीत नाव आहे पण जुळत नाही, हे वाक्य आमच्या गावात त्या वर्षी पारावर बसलेल्या प्रत्येकाने ऐकलंय.

बाकीच्या भानगडी थोडक्यात. एका गिऱ्हाईकाच्या बिलावर बाकी यायची "-०.००". वजा शून्य! मामी म्हणाली, "आता आपण त्याचं काही देणं लागतो का काय?" कारण आपल्याला माहीत आहे. ०.१ हा आकडा बायनरीत नेमका बसत नाही. फ्लोटमध्ये ०.१ दहा वेळा मिळवा, १ येत नाही, किंचित कमी येतो. त्यामुळे "बाकी शून्य असेल तर खातं बंद" ही अट कधी पुरीच होत नव्हती. सगळे हिशोब पैशांत, पूर्णांकात केले आणि फक्त छापताना रुपये केले. हसू नका, कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० वर निर्देशांक सुरू केला आणि दर व्यवहाराला तिसऱ्या दशांशानंतरचं राउंड न करता छाटून टाकलं. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक सव्वापाचशेच्या आसपास घसरला होता. नीट गणित केल्यावर तो १०९८ निघाला.

मग गोणीचं प्रकरण. युरियाची गोणी ५० किलोची होती, २०१८ साली ४५ ची झाली. डीएपीची ५० चीच राहिली. प्रोग्रामात "५०" हा आकडा जागोजागी थेट लिहिलेला. साठा जुळेना. सगळीकडे बदलून टाकावा म्हटलं तर त्यातला एक ५० म्हणजे पानावरच्या ओळींची संख्या होती! आता प्रत्येक मालाचं गोणीचं वजन वेगळ्या टेबलात आहे आणि शेजारी "कधीपासून" ही तारीख, म्हणजे जुनी बिलं काढली तरी ती जुन्याच वजनाने दिसतात.

आणि १०-२६-२६. हे खत आहे, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगायला नको. एक्सेलची तारीख अमेरिकन पद्धतीवर असेल तर त्याला ती २६ ऑक्टोबर २०२६ वाटते. मालाची यादी एक्सेलमधून आणली आणि दुकानात एक तारीख विक्रीला आली, दर गोणीमागे. ह्याच एक्सेलमुळे २०२० साली शास्त्रज्ञांनी माणसाच्या काही जनुकांची नावं बदलली, कारण मार्च-१ नावाच्या जनुकाची दरवेळी तारीख होत होती. आपल्याला खताचं नाव बदलता येत नाही, म्हणून तो रकाना आधी टेक्स्ट करून घ्यायचा.

लाईटबद्दल काय सांगू. बिल सेव्ह झालं, साठ्यातून गोणी वजा व्हायच्या आत लाईट गेली, इन्व्हर्टरने मान टाकली. ॲसिड प्रॉपर्टीजमधला ए, ॲटॉमिसिटी, आपण व्याख्येसकट पाठ करतो. बिल आणि साठा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घातले, तीन ओळींचं काम. ज्याने मूळ प्रोग्राम लिहिला त्याच्या ऑफिसात बहुतेक लाईट जात नसावी.

तात्यांच्या घरी मामा स्वतः गेला, मी बरोबर होतो. मी छापलेला खातेउतारा नेला होता. तात्यांनी तो घेतला नाही, आतून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली. त्यात मागच्या सगळ्या वर्षांच्या चिठ्ठ्या, रबर लावून ठेवलेल्या. आठ हजारांची पावतीही होती, बहिणीच्या अक्षरातली. मामाने ती वाचली, परत दिली आणि चहा घेतला. हरभऱ्याची पेरणी तोवर उरकली होती, बियाणं त्यांनी केजहून आणलं होतं. उन्हाळी भुईमुगाला मात्र आमच्याकडे आले.

संगणक आता बरा चालतो. तरी मामाने लाल वही सोडलेली नाही. रोज रात्री दुकान बंद करताना वही आणि संगणक समोरासमोर ठेवून ताडून बघतो. मागच्या महिन्यात वीस रुपयांचा फरक आला आणि चूक वहीत निघाली. हे मामाने मला फोन करून सांगितलं नाही. मामीने सांगितलं.