कपाटाची किल्ली

वॉर्डात मॉर्फिनचं कपाट कुलपात असतं आणि किल्ली इनचार्ज सिस्टरकडे असते. पाळी बदलताना अँप्युल मोजायचे, रजिस्टरवर सह्या घ्यायच्या, फुटलेल्या अँप्युलचाही हिशोब द्यायचा, हे सगळं नर्सचं. त्यातलं रुग्णाला किती द्यायचं, एवढंच तिचं नाही. वॉर्डात हे चालून जातं, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो. पण मी ज्यांची सेवा करते ते रुग्ण वॉर्डात नसतात. ते अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत, आपल्या घरी, ओसरीतल्या खाटेवर असतात आणि त्यांचा आजार बरा होण्याच्या पलीकडे गेलेला असतो. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. मरणपंथाला लागलेल्या माणसाचं दुखणं जी रोज मोजते, त्या प्रशिक्षित नर्सला, डॉक्टरने लिहून दिलेल्या मर्यादेत, मॉर्फिनची मात्रा बदलण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला पाहिजे. हॉस्पिसच्या, म्हणजे मरणपंथाला लागलेल्यांच्या सेवाकेंद्राच्या, इमारतीची मागणी मला त्यानंतरची वाटते.

इमारतीचं महत्त्व मी कमी लेखत नाही. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला उभं राहिलं आणि तिथून या कामाची वाट सगळ्यांना दिसली. मात्र वऱ्हाडातला रुग्ण मुंबईला जातो तो बरा व्हायला, मरायला नाही. रात्रीच्या गाडीने तो टाटा हॉस्पिटलला पोहोचतो, दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत त्याचे घरचे मुक्काम करतात, आणि एक दिवस फाइलवर पुढचा उपचार नसल्याचं लिहून मिळतं. मग तो परत येतो. त्याला घरच हवं असतं. तुकडोजी महाराजांना कॅन्सर झाला, उपाय थकले, आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांनी देह ठेवला तो मोझरीला, गुरुकुंजातच. नागपूरच्या कॅन्सर हॉस्पिटलला त्यांचं नाव आहे, पण घरी परतलेल्या त्यांच्याच मुलखातल्या माणसापर्यंत हॉस्पिटलचा हात पोहोचत नाही. खर्रा आणि तंबाखूने गाल पोखरलेला असतो, जखम बाहेर फुटलेली असते, वास इतका की शेजारी दारात येऊन तिथूनच परत फिरतात. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून ती पूड जखमेवर टाकली की वास बराच आटोक्यात येतो. उपाय अगदी स्वस्त आहे, पण तो सांगायला कुणी घरी आलेलं नसतं. त्यातून सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी सुरू झाली की घरातली धडधाकट माणसं दिवसभर वावरात. रुग्णाजवळ उरते म्हातारी नाहीतर शाळकरी पोर. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडे जातो तेव्हा टिनाच्या छपराखाली आणखी एक भानगड होते. फेंटानिलची पट्टी अंगाला लावलेली असेल तर उष्णतेने तिच्यातलं औषध शरीरात जास्त वेगाने जातं, आणि माणूस झोपाळतो. थंड प्रदेशातल्या पुस्तकावरून आखलेली मात्रा अकोल्याच्या मे महिन्यात तशीच लागू पडेल असं धरून चालता येत नाही.

दुखणं ही एकदा तपासून नोंदवायची गोष्ट नव्हे, हे या कामाचं मूळ आहे. ते दिवसात चढतं-उतरतं. कूस बदलताना वेगळं, जखम धुताना वेगळं, मुलीचं लग्न राहिलं या विचाराने रात्री वाढणारं आणखी वेगळं. तोंडाने घ्यायच्या साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर चार तासांच्या आसपास टिकतो. म्हणून ती दुखायला लागल्यावर द्यायची नसते. घड्याळ लावून, दुखणं परतायच्या आत द्यायची असते. मधेच उसळी आली तर वरची एक मात्रा द्यायची, अशा मात्रा दिवसातून कितीदा लागल्या ते लिहायचं, आणि त्यावरून दुसऱ्या दिवशीची नेहमीची मात्रा वाढवायची. आधुनिक हॉस्पिस चळवळ उभी करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, नंतर समाजसेविका, आणि शेवटी डॉक्टर. वेळेवर मॉर्फिन देण्याची रीत त्यांनी पाहिली ती लंडनच्या सेंट ल्यूक्समध्ये, तिथल्या नर्स ती कित्येक वर्षं पाळत होत्या. १९६७ साली त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. म्हणजे ज्या ज्ञानावर आज सगळं वेदनाशमन उभं आहे, ते खाटेजवळ बसणाऱ्या बायकांच्या रोजच्या कामातून आलेलं आहे. आपल्याकडे नर्सने ते ज्ञान वापरायचं, पण मात्रा बदलायला गोळी लिहिणाऱ्याची वाट पाहायची, अशी व्यवस्था आहे.

ही व्यवस्था कायद्याने घडवली. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा नशेच्या व्यापाराला आळा घालायला आला आणि त्याच्या जाळ्यात औषधही अडकलं. एकेका बाटलीसाठी इतके परवाने लागत की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत, सातपुड्यापलीकडे नीमच-मंदसौरला तिची शेती होते, आणि अलीकडच्या बाजूला कॅन्सरचा रुग्ण पॅरासिटामॉलवर कण्हतो. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, मॉर्फिनसह काही औषधं अत्यावश्यक ठरली, परवान्यांची साखळी तुटली. तरीही ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०१७च्या अहवालात भारताची अशा औषधांची गरज जेमतेम ४ टक्के भागत असल्याचं दिसलं. परवाना सोपा झाला म्हणून गोळी आपोआप खेड्यात पोहोचत नाही. तिच्यामागे मात्रा ठरवणारं माणूस लागतं, आणि ते माणूस सगळीकडे डॉक्टरच असेल हे मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याचा नकाशा पाहिलेल्याने तरी म्हणू नये.

इथे विदर्भातलंच उदाहरण द्यावंसं वाटतं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची तपासणी शिकवली. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली की त्या बायका बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायच्या. १९९९ साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले होते. तेव्हाही आक्षेप होताच की अडाणी बाईच्या हातात सुई कशी द्यायची. आज घरी जाऊन बाळाची काळजी घेणं हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. जन्माच्या टोकाला आपण गावच्या बाईवर विश्वास टाकला. मरणाच्या टोकाला मात्र तीन-चार वर्षं शिकलेल्या, नोंदणीकृत नर्सवर टाकायला तयार नाही, आणि याचं वैद्यकीय कारण मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आक्षेप मात्र आहेत, आणि सगळे फालतू नाहीत. पहिला व्यसनाचा: गोळ्या बाहेर जातील, पोरं नशा करतील. केरळात कालिकतच्या वेदनाशमन केंद्राने दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना घरी न्यायला मॉर्फिन दिलं, आणि गैरवापराचा एकही प्रकार आढळला नाही, असा अभ्यास डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केला. गोळ्या मोजून दिल्या, उरलेल्या परत घेतल्या, की गळती अवघड होते. आणि मोजणं तर आम्ही वॉर्डात आयुष्यभर करतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मात्रा चुकली तर श्वास मंदावतो. खरं आहे. किडनी निकामी असेल तर मॉर्फिनचे घटक शरीरात साठतात, म्हातारपणी थोडं औषधही जास्त होतं. म्हणूनच मी मोकळा हात मागत नाही, लिखित मर्यादा मागते: इतक्यापासून इतक्यापर्यंत, किडनीचा रिपोर्ट असा असेल तर नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या दिसल्या किंवा माणूस उठवूनही उठेना तर पुढची मात्रा थांबवून डॉक्टरला कळवा. युगांडाने २००४पासून खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना मॉर्फिन लिहून द्यायची मुभा दिली आहे. तो देश आपल्याहून श्रीमंत नाही.

फोन आहे की, विचारा डॉक्टरला, असंही म्हणतात. विचारतोच. त्या फोनवर काय होतं ते सांगते: मी आकडे सांगते, डॉक्टर विचारतात, ‘तुम्हाला काय वाटतं सिस्टर, डोस वाढवायचा?’ मी हो म्हणते, तेही हो म्हणतात. निर्णय खाटेपाशीच झालेला असतो, कायद्याला तेवढा तो दिसत नाही. उद्या काही बिघडलं तर तोंडी सांगण्याचा पुरावा कुणाकडेच नाही, ना डॉक्टरकडे, ना माझ्याकडे. मेळघाटात तर कित्येकदा रेंजच नसते.

घरच्यांचा आक्षेप वेगळा असतो. मॉर्फिन म्हणजे शेवट, असं ते धरून चालतात. ‘ते नको सिस्टर, त्यापेक्षा बाटली लावून द्या,’ म्हणतात. सलाइनने शेवटच्या दिवसांत बहुधा सूज आणि छातीतला घुरघुराट वाढतो, पण लटकती बाटली डोळ्यांना दिसते, आणि दुखणं थांबलेलं दुसऱ्याला दिसत नाही. मॉर्फिनने मरण ओढवतं या समजाला मी अमेरिकेतल्या २०१०च्या एका अभ्यासाने उत्तर देते. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांना सुरुवातीपासून उपशामक (पॅलिएटिव्ह) सेवा मिळाली, ते न मिळालेल्यांपेक्षा सरासरी अडीच महिन्यांहून जास्त जगले. वऱ्हाडी माणसाला आकडा पटतो, फक्त तो त्याच्या ओसरीत बसून सांगावा लागतो.

एका आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो आमच्याच लोकांचा आहे. कितीतरी नर्स कंत्राटावर; वाढवा त्यांच्यावर आणखी जबाबदारी, पगार तोच. बरोबर आहे. अधिकार आणि मोबदला एकाच कागदावर आले नाहीत तर मीसुद्धा सही करणार नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर एक वही करा. दुखणं किती, ते शून्य ते दहात रुग्णाला विचारून लिहा. किती वाजता, कोणती गोळी, तासाभराने किती कमी झालं, शौचाला कधी झालं, झोप किती लागली. ‘खूप दुखत होतं’ एवढंच लिहू नका, आकडा लिहा. घरी नर्स आली की ती पहिल्यांदा तीच वही मागेल.