सरासरीला क्रम दिसत नाही

अमेरिकेत एमडीच्या, म्हणजे तिथल्या मूळ वैद्यकीय पदवीच्या, पहिल्या वर्षाला प्रवेश मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांचा पदवीचा जीपीए हल्ली सरासरीने 4 पैकी 3.75 च्या वर असतो. माझा त्याच्या बराच खाली होता. तरीही मला प्रवेश मिळाला, माझं शिक्षण पूर्ण झालं आणि आज मी रुग्ण तपासते. माझ्या एकटीच्या उदाहरणाने काहीच सिद्ध होत नाही, म्हणून ते इथेच बाजूला ठेवते. पण या वाटेने जाताना ही सगळी व्यवस्था आतून पाहायला मिळाली आणि तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. कमी सरासरी म्हणजे विद्यार्थ्याच्या कुवतीचा निकाल, असं धरून चालतात. प्रत्यक्षात त्या आकड्यात मार्क कोणत्या क्रमाने पडले हे कुठेच दिसत नाही आणि उद्याचा डॉक्टर निवडताना हा क्रमच सगळ्यात जास्त कामाचा असतो.

हिशेबच मांडून पाहू. एका विद्यार्थिनीचे चार वर्षांचे जीपीए 2.4, 3.0, 3.6 आणि 3.8 आहेत. दुसऱ्या विद्यार्थ्याचे हेच आकडे उलट्या क्रमाने आहेत, म्हणजे 3.8 पासून घसरत 2.4 पर्यंत. दोघांची सरासरी 3.2 येते. पहिली अभ्यास करायला शिकली आहे, दुसऱ्याचं काहीतरी बिनसलं आहे. अर्ज छाननीला आला की पहिल्या चाळणीत मात्र दोघं एकाच जागी बसतात. आता त्याहून कठीण प्रकार घ्या. चार वर्षांत 120 क्रेडिट झाले आणि जीपीए 2.9 राहिला. त्यानंतर या मुलीने पदवीनंतरचं एक अख्खं वर्ष विज्ञानाचे 30 क्रेडिट घेतले आणि प्रत्येक विषयात ‘ए’ मिळवला. नवी सरासरी किती? 3.12. वर्षभर एकही मार्क न गमावता आकडा हलला तो 0.22 ने. आजच्या घडीला ती 4.0 ची विद्यार्थिनी आहे, कागद सांगतो 3.12. त्यात बहुतेक एमडी महाविद्यालयांचे अर्ज ज्या एएमकॅस या केंद्रीय सेवेतून जातात, तिथे एखादा विषय पुन्हा घेतला तर जुना ‘सी’ पुसला जात नाही, जुना आणि नवा दोन्ही धरले जातात. ऑस्टिओपॅथिक, म्हणजे डीओ पदवी देणाऱ्या महाविद्यालयांच्या अर्जसेवेत पूर्वी नंतरचे मार्क तेवढे धरत. ती सवलतही 2017 मध्ये गेली. अठराव्या वर्षी सेंद्रिय रसायनशास्त्रात जे झालं, ते अठ्ठावीसाव्या वर्षीही त्याच वजनाने सोबत येतं.

एमकॅट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत घवघवीत गुण मिळवले की मागचं सगळं भरून निघतं, असा समज आपल्या इथल्या मराठी घरांत फार आहे, कारण आपल्या मनात प्रवेशपरीक्षा म्हणजे एकच मोठी परीक्षा. एमकॅटचे गुण 472 ते 528 या पट्ट्यात मोजतात आणि ते चांगले पडले तर कमी जीपीएवाल्याची शक्यता नक्की वाढते. पण अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांची संघटना जीपीए आणि एमकॅट यांच्या जोड्यांनुसार किती जणांना प्रवेश मिळाला याचा तक्ता प्रसिद्ध करते. तो आडवा-उभा वाचला की दिसतं, कमी जीपीए आणि उत्तम एमकॅट ही जोडी उत्तम जीपीए आणि बऱ्यापैकी एमकॅट या जोडीच्या मागेच राहते. संस्थांचा चार वर्षांच्या सातत्यावर एका दिवसापेक्षा जास्त विश्वास आहे, आणि तो मला मान्य आहे. माझं म्हणणं इतकंच की सातत्य शेवटच्या दोन-तीन वर्षांचंही असू शकतं, आणि ते मोजायला सरासरी हे चुकीचं माप आहे.

आता मुख्य आक्षेप. डॉक्टरच्या हातात माणसाचा जीव असतो, तिथे दुय्यम विद्यार्थी कशाला घ्यायचे? हा प्रश्न मी हलका मानत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाचं नाव या वादात कायम निघतं. तिथे सर्वसाधारण वाटेने अर्ज करणाऱ्याचा जीपीए 2.5 च्या खाली असला की अर्ज तिथेच बाद होई, विशेष वाटेने येणाऱ्यांना ही अट नव्हती. 100 पैकी 16 जागा त्या विशेष वाटेसाठी होत्या. त्यावरून, प्रवेश नाकारल्या गेलेल्या ॲलन बाकी यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1978 मध्ये त्याचा निकाल लागला. खटल्याची चर्चा खूप झाली, त्या विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं याची फारच कमी झाली. 1968 ते 1987 या वीस वर्षांत तिथे विशेष विचाराने घेतलेल्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेणारा अभ्यास 1997 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला. त्यांचे जीपीए आणि प्रवेशपरीक्षेचे गुण कमी होते. पहिल्या टप्प्याच्या राष्ट्रीय परीक्षेत ते इतरांपेक्षा मागे पडले, आणि ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. पण पदवी मिळवण्याचं प्रमाण इतरांचं 98 टक्के, तर यांचं 94 टक्के होतं. पुढे रेसिडेन्सीत, म्हणजे जिथे रात्री-अपरात्री खरे रुग्ण समोर येतात तिथे, वरिष्ठांनी केलेल्या मूल्यमापनात दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

ह्यूस्टनचा दाखला वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. 1979 मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला ऐनवेळी जागा 150 वरून 200 करायला लावल्या. तोवर चांगले क्रमांक असलेले उमेदवार इतरत्र गेले होते, त्यामुळे ज्यांना आधी नकार कळवला होता अशा, यादीच्या तळाच्या उमेदवारांमधून 50 जण घ्यावे लागले. 1987 मध्ये या 50 जणांची इतरांशी केलेली तुलना प्रसिद्ध झाली. गळती, परीक्षा, वॉर्डमधली कामगिरी, कशातच लक्षात येण्याजोगा फरक नव्हता. इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. हे 50 जण मागे पडले होते ते मुख्यतः मुलाखतीत पडलेल्या छापेमुळे, निव्वळ मार्कांमुळे नव्हे. म्हणून या अभ्यासावरून मार्क निरर्थक आहेत असं म्हणता येणार नाही. पण प्रवेश समितीने लावलेली क्रमवारी, पहिला आणि सातशेवा यांतलं अंतर, पुढच्या डॉक्टरबद्दल फार थोडं सांगते, हे तर त्यातून स्पष्ट दिसतं. किमान पायरी हवीच. त्या पायरीच्या वरचे दशांश मात्र आपण समजतो तितके बोलके नसतात. आणि रुग्णाचं संरक्षण प्रवेशाच्या दारावर संपत नाही. प्रत्येकाला राष्ट्रीय परवाना परीक्षेचे टप्पे पार करावे लागतात, रेसिडेन्सी पुरी करावी लागते. या टप्प्यांवर जीपीए कितीही असला तरी सूट कुणालाच नाही. 2022 पासून त्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा निकालही आकड्यात न देता उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढाच देतात, कारण तिथेही लोकांना दशांशांचं वेड लागलं होतं.

दुसरा आक्षेप मी मराठी मंडळींकडून जास्त ऐकते आणि तो मला जास्त जिव्हारी लागतो. आकडा सोडला की वशिला आला, असं ते म्हणतात. या म्हणण्यामागे खरा इतिहास आहे. 1983 नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित महाविद्यालयांची दारं उघडली आणि डोनेशन हा शब्द घराघरांत पोचला. कॅपिटेशन फीविरुद्ध 1987 चा कायदा करावा लागला तो काही उगाच नाही. ज्या आईबापांनी तो काळ पाहिला, त्यांना कागदावरचा आकडा हाच गरिबाचा एकमेव वाली वाटला तर त्यांना दोष कसा द्यायचा? म्हणूनच ‘संपूर्ण व्यक्तिमत्त्व पाहून निवड’ या अमेरिकन सूत्रावर मीही डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. ज्याच्या घरी डॉक्टर आहे त्याला रुग्णालयात अनुभव घ्यायला ओळख मिळते, निबंध तपासून द्यायला माणसं मिळतात. पण मी मागते आहे ते समितीच्या मर्जीवर सोडायची काहीच गरज नाही. वर्षनिहाय जीपीए हाही आकडाच आहे. एएमकॅसच्या अर्जात तो पहिल्या वर्षापासून पदवीनंतरच्या वर्षापर्यंत वेगवेगळ्या ओळींत छापलेला असतो, आणि विज्ञान-गणिताचा आकडाही निराळा दिलेला असतो. एकूण सरासरीवर चाळणी लावण्याऐवजी शेवटच्या काही क्रेडिटवर लावली, तर तो तितकाच लेखी आणि सर्वांना सारखा लागू होणारा नियम असेल. टेक्सासमध्ये तर कायद्यानेच दहा वर्षांहून जुने क्रेडिट बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करण्याची तरतूद आहे. अट एवढीच की जुने ‘ए’ही सोडून द्यावे लागतात. याला लाड कोण म्हणेल?

शिवाय ज्या नीटचा दाखला देऊन हे लोक वाद घालतात, ती नीट या बाबतीत अमेरिकेपेक्षा उदार आहे. खुल्या गटातल्या मुलाला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून 50 टक्के पडले की पात्रता झाली, त्यापुढे बारावीच्या मार्कांना वजन नाही. रिपीटरने दुसऱ्या वर्षी 720 पैकी जे मिळवले त्यावरच त्याचा क्रमांक लागतो, आदल्या वर्षीच्या गुणांचं ओझं त्याच्या पाठीवर नसतं. लातूर-नांदेडच्या क्लासांमधून अशी किती तरी मुलं दरवर्षी पुन्हा बसतात आणि कुणी त्यांना लबाड म्हणत नाही. ज्याला आपण गावाकडे हक्क मानतो, तोच न्यू जर्सीतल्या आपल्या भाच्याने मागितला की आपल्याला तो सूट मागतोय असं का वाटावं?

तिसरा आक्षेप पैशाचा आहे आणि त्याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. पदवीनंतरचं वर्ष किंवा खास पदव्युत्तर अभ्यासक्रम म्हणजे हजारो डॉलर. ज्याची सरासरी नोकरी करून शिकल्यामुळे घसरली, त्याच्याकडे ते नेमके नसतात. म्हणून सल्ला मागणाऱ्याला मी आधी खर्चाची बाजू सांगते. पदवीपातळीचे विषय पदवीनंतर घेतले तर ते पदवीच्याच जीपीएत मिसळतात, पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे मार्क निराळ्या ओळीत जातात आणि पदवीचा आकडा तसूभरही हलवत नाहीत. 2.9 वाल्याला बहुधा पहिली वाट लागते. सरकारी विद्यापीठात नोकरी सांभाळून संध्याकाळचे वर्ग घेता येतात, त्यासाठी महागडा, नावाजलेला कार्यक्रमच हवा असं नाही. डीओ महाविद्यालयांकडे कमीपणाने पाहायचं कारण उरलेलं नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा तिथे शिकतो, आणि 2020 पासून दोन्ही पदव्यांच्या रेसिडेन्सी एकाच मान्यता व्यवस्थेखाली आहेत. आणि शेवटच्या दोन वर्षांची ओळ अजून चढलेली नसेल, तर त्या वर्षी अर्ज करूच नये. ती ओळ आधी चढू द्यावी, मग समितीला ती वाचायला सांगावं.