परदेशातली शाळा निवडताना



माझ्या मुलाची तीन वर्षांसाठी दुबईला बदली झाली आहे. नातू सातवीत, नात दुसरीत. महिनाभर आमच्या रामदासपेठेतल्या घरात एकच विषय चालला होता, मुलांना तिथे कोणत्या शाळेत घालायचे? आपल्या समाजातली कितीतरी मुले-सुना आज परदेशी जात आहेत. म्हणून विचारपूस करून जे कळले आणि आम्ही जे ठरवले, ते लिहिते.

पहिली गोष्ट, 'इंटरनॅशनल' या शब्दाला भुलू नका. अशा पाट्या आपल्या नागपुरातही कमी नाहीत. बोर्ड कोणते, ते आधी विचारा. दुबईत आपल्यासमोर मुख्यतः तीन वाटा असतात: सीबीएसई, ब्रिटिश अभ्यासक्रम आणि आयबी. आयबी १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झाली, ती आईवडिलांच्या नोकरीपायी देशोदेशी फिरणाऱ्या मुलांना सगळीकडे चालेल अशी एक परीक्षा असावी म्हणून. सीबीएसई शाळांचे वर्ष तिथेही एप्रिलमध्ये सुरू होते, बाकीच्यांचे ऑगस्टच्या शेवटी. तिथल्या खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी संस्थेची देखरेख असते. शाळांचे तपासणी अहवाल आणि फी तिच्या वेबसाइटवर घरबसल्या वाचता येतात.

बी.कॉम.ची सवय जात नाही, मी वही काढली. ब्रिटिश आणि आयबी शाळांची फी साधारणपणे सीबीएसईपेक्षा बरीच जास्त असते. त्यावर बस, गणवेश, पुस्तके, सहली. कंपनी फी देते म्हणतात, पण किती मुलांची, किती वर्षे, आणि तसे पत्रात लिहून देते का, हे विचारून घ्या. कंपनीने उद्या हात आखडता घेतला तर मुलांना वर्षाच्या मध्ये शाळेतून काढायची पाळी येते.

मात्र वहीतला सर्वांत मोठा आकडा फीचा नव्हता, परत येण्याच्या वर्षाचा होता. सीबीएसईची नववी-दहावी जोडलेली असते. बोर्डाची नोंदणी नववीत होते, आणि दुसऱ्या बोर्डातून थेट दहावीत सहसा घेत नाहीत. आयजीसीएसई हाही दोन वर्षांचा अभ्यास, आणि अकरावी-बारावीचा आयबी डिप्लोमाही तसाच. म्हणजे मूल कोणत्या वर्गात जाणार आणि कोणत्या वर्गात परतणार, हे आधी मांडावे लागते. आमचा नातू तिथे आठवी, नववी, दहावी करील आणि अकरावीला नागपुरात येईल. त्याच्यासाठी सीबीएसईचे गणित नीट बसत होते.

सूनबाईचे म्हणणे वेगळे होते. ब्रिटिश शाळेत पाठांतर कमी, मुले धीटपणे बोलतात, नात लहान आहे, तिला तरी तिथे घालू. तिचे म्हणणे खोटे नव्हते. अनेकांत आपण प्रवचनात ऐकतो, पण खरा कस घरातच लागतो. मग दोघींनी मिळून मुलांचा तिथला एक दिवस कागदावर मांडला.

आधी डबा. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, तर आपल्या भाज्यांना चव येते ती दाण्याच्या कुटाने. अनेक इंटरनॅशनल शाळांत 'नट-फ्री' नियम असतो. ॲलर्जीच्या मुलांच्या जिवाचा प्रश्न असल्याने तो योग्यच आहे. तिथे कूट नाही, चिक्की नाही. खोबरे, तीळ चालतात का तेही विचारावे लागते. वाढदिवसाच्या केकमध्ये अंडे, मऊ गोळ्यांमध्ये जिलेटिन. वर्गशिक्षिकेला पहिल्याच आठवड्यात चिठ्ठी द्यावी. आपले मूल वेगळे दिसेल, म्हणून संकोचू नये.

मग सूर्यास्त. दुबईत डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो, नागपूरसारखाच. लंडनमध्ये तर तेव्हा चारच्या आधीच. आम्हाला आवडलेल्या ब्रिटिश शाळेतून खेळाचा तास आणि बसचा तासभर धरून मुले सहाला घरी पोचली असती. आमच्या घरी चौविहार पाळतो. पण आठ वर्षांच्या पोरीने उपाशी पोटी बसमध्ये बसून मोठ्यांचा नियम वाहावा, हा धर्म नव्हे. नियम मुलाच्या समजुतीने वाढतो. आपण फक्त तो पाळता येईल अशी वेळ घरात ठेवायची. वर ती शाळा ऑगस्टअखेर उघडणार, म्हणजे पुष्कळदा दशलक्षण पर्व आणि नवी शाळा एकदमच.

शेवटी घरापासून दहा मिनिटांवरची सीबीएसई शाळा ठरली, दोघांसाठी एकच. तिथे जलतरण तलाव नाही आणि मैदान लहान आहे, त्यामुळे नातू दोन दिवस रुसला होता. सूनबाईने त्याला संध्याकाळी क्रिकेटच्या वर्गाला घालायचे कबूल केले आहे, जेवण आटोपून. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी दोघांची पाठशाळा घेणार, आणि गप्पा मराठीतच, कारण तिथे अरबी शिकावी लागेल, हिंदी मिळेल, मराठी नाही.

ज्यांच्या घरी हाच विचार चालू आहे त्यांनी शाळेच्या दाखल्याचे काम आधी हाती घ्यावे. त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही आणि पुढचे कोणते शिक्के लागतील, हे तिथल्या शाळेकडून लेखी मागवा. आणि शाळेचे माहितीपत्रक वाचताना शेवटी एवढेच पाहा, की शाळा सुटल्यावर मूल किती वाजता आपल्या हाती येते. इंग्रजी, गणित शाळा शिकवील. णमोकार शिकवायला मात्र तेवढाच वेळ आपल्याकडे उरतो.

जय जिनेंद्र.