शेरूचा हिशेब

कुत्रा जे करतो ते जीव ओतून करतो. रिकाम्या पोत्यावर भुंकायचं असो, पुरलेलं हाडूक उकरून पुन्हा पुरायचं असो, की झोपण्याआधी त्याच जागेवर गोल-गोल फिरायचं असो, त्याच्या चेहऱ्यावर कधी थट्टा नसते. मुलांसाठी कुत्र्यांच्या विनोदी कविता लिहिताना मी याच गोष्टीला धरून असतो. कवितेतला कुत्रा स्वतः हसला की मुलं हसायची थांबतात. तो आपल्या कामात गढलेला हवा. मग हसू आपोआप येतं.

आणि आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या कुत्र्याला काम खरंच असतं. पुस्तकांतला कुत्रा बहुधा गळ्यात पट्टा घालतो, बिस्किट खातो आणि चेंडू आणून देतो. सेलू किंवा कारंजा तालुक्यातल्या पोरांना तो पाहुण्यासारखा वाटतो. त्यांचा कुत्रा बापासोबत जागलीला जातो. हरभरा घाट्यावर आला, सोयाबीन भरलं, की रानडुकरं आणि रोही वावरात उतरतात. रात्रभर मचाणाखाली शेकोटी, बॅटरीचा झोत, डबे वाजवणं आणि कुत्रं. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या काठच्या गावांत तर बिबट्या कुत्रंच उचलून नेतो, त्यामुळे कुत्र्याची जागल आपल्यापेक्षा जोखमीची. अशा कुत्र्यावर विनोदी कविता लिहायची, तर आधी त्याच्या नोकरीचा मान राखावा लागतो. माझा शेरू तिथून आला:

जागल करतो शेरू रात्री,
डुकरे पळती, याची खात्री.
सकाळ होता हिशेब करतो,
अर्धी भाकर जमेस धरतो.

हे पादाकुलक आहे, आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे. मुलांच्या कवितेला ही चाल फार मानवते, कारण पाठ करताना श्वास बरोबर मध्ये घेता येतो आणि टाळीही चुकत नाही. गंमत मात्र चालीत नाही, शेवटच्या ओळीत आहे. कापूस विकून आलेला बाप ओट्यावर बसून जमाखर्च मांडतो, ते या मुलांनी पाहिलेलं असतं. शेरूही तसाच बसतो. त्याच्या वहीत एकच नोंद, तीही अर्धी. काही मुलं इथे खळखळून हसतात. काही हसून झाल्यावर विचारतात, बाकीची अर्धी कुठे गेली? तो प्रश्न मला हसण्याइतकाच हवा असतो.

दुसरं कडवं मुलांनीच दिलं. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत कविता वाचून झाली, तेव्हा मागच्या रांगेतला एक पोरगा उठून म्हणाला, “कुत्रं एकटं डुकराच्या आंगावर नाही जात जी. मानसाच्या पायात येते अन् तिथून भुकते.” अख्ख्या वर्गानं माना डोलावल्या. इतकं नेमकं निरीक्षण घरी बसून सुचत नाही.

डुक्कर मोठे, दात वाकडे,
शेरू सरके मालकाकडे.
पायांमधुनी भुंकत राही —
“भितो कुणाला? मुळीच नाही!”

या कडव्याला हशा मोठा येतो. अंधारात आईचा पदर धरून ‘मी नाही घाबरत’ म्हणणारं प्रत्येक लेकरू शेरूला आतून ओळखतं. ते शेरूला हसतं आणि त्यातच स्वतःची भीती थोडी हलकी करून घेतं. भित्रा कुत्रा म्हणून त्याला हिणवलं असतं, तर हे घडलं नसतं. त्या मागच्या रांगेतल्या पोराच्या बोलण्यावरून मला एक जुनी गोष्ट आठवते. 1937 साली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा विचार पुढे आला, की मुलानं हाताच्या कामातून शिकावं. वावरात राबणाऱ्या घरातलं मूल कवितेचं पहिलं संपादन करू शकतं ते याच बळावर, असं मला मनापासून वाटतं.

विंदा करंदीकरांनी 1961 साली ‘राणीची बाग’मधून प्राण्यांना मराठी मुलांच्या घरात आणून सोडलं. त्याआधी 1939 मध्ये टी. एस. एलियटनं मांजरांवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यातल्या एका मांजराला थेट आगगाडीवर कामाला लावलं. दोघांकडून मी एक गोष्ट घेतली: प्राण्याला स्वभाव द्यावा, उपदेश देऊ नये. एलियटच्या मांजरांना नावाचा आणि धंद्याचा मोठा थाट आहे. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना तो का नसावा?

मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा कुत्र्याला फार घाम गाळता येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि रांजणाखालची ओली माती उकरून तिच्यात पोट टेकतो. रांजण कलला म्हणून आजी काठी घेऊन धावते. त्यावर माझी एक कविता आहे. तिच्यात आजी आणि कुत्रा दोघंही बरोबर आहेत, आणि दोघंही एकमेकांवर रागावलेले.

दात मात्र मी लपवत नाही. आठ वर्षांचं मूल कविता ऐकून अनोळखी कुत्र्याच्या गळ्यात पडलं, किंवा पिलं पाजणाऱ्या कुत्रीजवळ गेलं, तर त्या हशाची किंमत कोण देणार? म्हणून माझ्या कवितेतली आई-कुत्री गुरगुरते, आणि पिलू उचलायला आलेला बंड्या दोन पावलं मागे सरतो. वाचनानंतर मी साध्या शब्दांत सांगतोच: कुत्रा चावला तर घरी लपवायचं नाही, जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. हे यमकात बसवायचा मोह मी टाळतो. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर जवळपास काहीच उपाय उरत नाही. ते मुलांनी सरळ ऐकावं. कापलेल्या कानाची गोष्ट मात्र कवितेत छान बसली. नसबंदी आणि लसीकरण झालेल्या कुत्र्याच्या कानाला ओळखीसाठी छोटी खाच देतात. माझ्या कवितेतला कालू ती खाच सगळ्या गल्लीला दाखवत फिरतो, सरकारी शिक्का मिळाल्यासारखा.

सध्या हातात आहे ती कविता पोळ्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. सिंदी रेल्वेचा तर नावाजलेला. पोरं लाकडी नंदी सजवून ओढत नेतात आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. नंदीच्या मागे मागे गावातली कुत्रीही चालतात. बैलाला पोळा, नागाला पंचमी, गायीला वसुबारस. रात्रभर जागणाऱ्याला काय? नेपाळात तिहारच्या दिवसांत ‘कुकुर तिहार’ असतो. त्या दिवशी कुत्र्याच्या कपाळाला टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि पोटभर गोडधोड देतात. हे मी वर्गात सांगितलं आणि पोरांनी लगेच कुत्र्यांचा पोळा भरवायला घेतला. तोरण कुठे बांधायचं, बोजारा काय द्यायचा, मानाचा कुत्रा कोणाचा, यावर भांडणं झाली. माळ घातली तर तो चावून टाकेल, म्हणून भाकरीचीच माळ करावी असं ठरलं. मग एक पोरगी उठली. “पण सर,” ती म्हणाली, “सगळ्या गल्लीतली कुत्री एका तोरणाखाली आणली, तं थांबवन कोण जी?”

पोळ्याच्या कवितेचं तिसरं कडवं मी तिच्या प्रश्नापासून सुरू केलं आहे.