एकशे पाचबद्दल मी दिलेला निकाल

निकॉनच्या १०५ एमएम एफ/२.५ लेन्सबद्दल कोणी मत विचारलं की आता मी आधी विचारतो, कुठली १०५? १९५९ साली निकॉन एफ कॅमेऱ्यासाठी ही लेन्स आली तेव्हा तिची रचना झोनार पद्धतीची होती. पाच काचा, तीन गटांत. १९७१ मध्ये निकॉनने आतलं सगळं बदललं. काचा पाचच राहिल्या, पण गट चार झाले आणि घडण गाउस पद्धतीची, झेनोटारच्या घराण्यातली झाली. फोकल लेंथ तीच, अ‍ॅपर्चर तेच, पुढे लागणारा ५२ एमएमचा फिल्टरही तोच. नंतर १९७७ ला तिची एआय आवृत्ती आली, पुढे एआय-एस आली, आणि जुन्या बाजारात ही सगळी भावंडं 'निकॉनची एकशे पाच' या एकाच नावाने विकली जाऊ लागली.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही या लेन्सबद्दल मी चुकीचा निकाल दिला, ठामपणे दिला, आणि त्याची किंमत माझ्यापेक्षा दुसऱ्याने जास्त मोजली.

पहिली चूक निव्वळ घाईची. रत्नागिरीत माझा स्टुडिओ होता. जुनी झोनार १०५ माझ्याकडे आधीपासून होती, त्यात एफएम-२ घेतला. नवा कॅमेरा हातात आल्यावर आवडती लेन्स त्यावर चढवून बघण्याचा मोह आवरला नाही. लेन्स अर्ध्यात अडली. मला वाटलं, नवी माउंट आहे, घट्ट असेल. जरा जोर लावला आणि ती बसली. एफएम-२ च्या माउंटभोवती एक बारीक खटका असतो. लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगने तो फिरवायचा आणि त्यावरून मीटरला अ‍ॅपर्चर कळायचं, अशी ती योजना. एआयच्या आधीच्या लेन्सची रिंग मागून सरळ, बिनखाचेची असते, ती या खटक्यावर चढते. आधीच्या एफएम मॉडेलवर तो खटका वर उचलून ठेवायची सोय होती, एफएम-२ वर ती नाही. माझा खटका वाकला. मीटर चालू दिसत होता, काटा नव्हता, नुसते दिवे, तेही व्यवस्थित लागत होते, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवून एका हॉटेलच्या माहितीपत्रकासाठी ट्रान्सपरन्सीचे रोल काढले. सगळे काळवंडून आले. निगेटिव्ह असती तर प्रिंट करताना थोडंफार सावरलं असतं, ट्रान्सपरन्सीला ती सवलत नाही. ते काम मी स्वतःच्या खर्चाने पुन्हा केलं. खटका दुरुस्त करून घेतला आणि लेन्सची रिंग मागून घासून एआयसारखी करून घेतली.

या चुकीचं मला फारसं दुःख नाही. पैसे गेले, अक्कल आली, प्रकरण मिटलं. दुसरी चूक अशी मिटली नाही.

स्टीव्ह मॅकरीने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला. जून १९८५ च्या 'नॅशनल जिओग्राफिक'चं ते मुखपृष्ठ. तो १०५ एफ/२.५ ने काढलेला आहे हे कळल्यावर आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ही लेन्स हवी झाली, आणि हवी झाली ती नवी. माझ्याकडे जुनी होती. नवी घ्यावी का, हे ठरवायला मी एका मित्राकडून एआय-एस मागून आणली आणि दोन्हींची परीक्षा घेतली.

परीक्षा मी मनापासून घेतली होती, हेही सांगितलं पाहिजे. ट्रायपॉड, केबल रिलीज, एकाच रोलवर दोन्ही लेन्स. स्टुडिओच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवलं आणि झोनार जितकी जवळ जाते तितकं, म्हणजे १.२ मीटरवरून काढलं. एआय-एस १ मीटरपर्यंत जाते, पण अंतर सारखं ठेवलं. मग गच्चीवरून भगवती किल्ल्यावरचं दीपगृह. प्रत्येक वेळी एफ/२.५, ४, ५.६ आणि ८. निगेटिव्ह मीच धुतल्या, एकाच ग्रेडच्या कागदावर मीच प्रिंट केल्या. टेबलावर मांडल्यावर शंकेला जागाच उरली नाही. एआय-एसच्या प्रिंटमध्ये काळं काळं होतं, पांढरं पांढरं. माझ्या झोनारच्या प्रिंटवर जणू दुधाची साय धरली होती. मी निकाल दिला: जुनी रचना मागे पडलेली आहे, नवी घ्यावी. जो विचारेल त्याला या प्रिंट दाखवू लागलो.

त्या दिवसांत माझ्याकडे एक मुलगा शिकायला होता. माण तालुक्यातला, दुष्काळी भागातला. त्याच्या वडिलांचा तिकडे स्टुडिओ होता. ते गेल्यावर त्यांची झोनार १०५ त्याच्याकडे आली होती. त्याने विचारलं, "काका, ठेवू का देऊन टाकू?" मी त्याची लेन्स हातात घेऊन उजेडाकडे धरूनसुद्धा पाहिली नाही. माझ्या प्रिंट त्याच्यापुढे ठेवल्या आणि म्हणालो, "जुनीला गिऱ्हाईक मिळतंय तोवर देऊन टाक, वर थोडे घाल आणि एआय-एस घे." त्याने तसंच केलं. वर घालायला त्याने उसने पैसे घेतले होते, हे मला फार नंतर कळलं.

पुढे माझी झोनार मी मुंबईत बोरा बाजारात एका जुन्या कारागिराकडे नेली, तीसुद्धा फोकस रिंग जड झाली म्हणून. त्याने अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं, मागून बॅटरीचा झोत टाकला आणि तिरपी करून माझ्यापुढे धरली. आतल्या काचेवर कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखं फंगस होतं आणि मधल्या भागात पातळ, एकसारखं धुकं. समोरून, खोलीतल्या उजेडात यातलं काही दिसत नव्हतं. "कशात ठेवता?" त्याने विचारलं. मी सांगितलं, कातडी केसमध्ये, कपाटात. कोकणातल्या पावसाळ्यात कातडं ओल धरून ठेवतं आणि बंद कपाटात ती ओल लेन्सपाशीच राहते. मी ज्याला लेन्सची काळजी समजत होतो त्यानेच ती खराब झाली होती.

फंगस वेळेवर सापडलं होतं, कोटिंग खाल्लं नव्हतं. साफ होऊन आलेल्या त्या लेन्सने काढलेली पहिली प्रिंट डेव्हलपरमध्ये उमटताना पाहिली आणि माझे पाय गळाले. साय गेली होती.

घरी येऊन जुन्या परीक्षेच्या प्रिंट पुन्हा काढल्या, तेव्हा कळलं की उत्तर त्यांच्यातच होतं. झोनार रचनेची खरी उणीव जवळच्या अंतरावर दिसते. जवळून, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर ती कडांना नरम पडते. ती सुधारणं हाच १९७१ च्या बदलाचा मोठा फायदा. म्हणजे दोष रचनेचा असता तर दूरच्या दीपगृहात दोन्ही लेन्स जवळजवळ सारख्या यायला हव्या होत्या. माझ्या प्रिंटमध्ये दीपगृहही तितकंच फिकट होतं. शिवाय रचनेतून येणारा नरमपणा अ‍ॅपर्चर बारीक केलं की बराचसा जातो. धुक्याने आलेला फिकेपणा जात नाही. माझी एफ/८ ची प्रिंटही तशीच धुरकट होती. दोन्ही खुणा टेबलावर समोर होत्या. पण मला नवी लेन्स घ्यायची होती, आणि त्या प्रिंट मला हवं ते सांगत होत्या. मी दोन रचनांची तुलना केलीच नव्हती. एक निरोगी लेन्स आणि एक आजारी लेन्स शेजारी ठेवून आजाराला वयाचं नाव दिलं होतं.

त्या मुलाची लेन्स कोरड्या हवेत राहिलेली होती. ती बहुधा स्वच्छ असणार. मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही म्हणालात म्हणून दिली, काका. बाबांची तेवढीच राहिली होती." ज्याला विकली त्याच्याकडे आम्ही दोघांनी चौकशी केली. त्याने पुढे विकली होती आणि तिथून माग लागला नाही. माझी त्याला देऊ केली, ती त्याने घेतली नाही. ते बरोबरच होतं. त्याला लेन्स नको होती, वडिलांची लेन्स हवी होती.

अलीकडे मिररलेस कॅमेऱ्यावर अ‍ॅडॅप्टर लावून, पडद्यावर चित्र मोठं करून, साफ झोनार आणि साफ एआय-एस पुन्हा शेजारी ठेवल्या. एफ/५.६ ला कुठली कुठली हे मला ओळखता येत नाही. जवळून पूर्ण उघडी ठेवली तर एआय-एस कडांना जास्त रेखीव आहे. उन्हाकडे तोंड केलं तर तिचं बहुथरी कोटिंग कॉन्ट्रास्ट टिकवतं, झोनारचं साधं कोटिंग तिथे हरतं. पण दोन मीटरवरच्या चेहऱ्यामागची पार्श्वभूमी झोनार ज्या मऊपणाने विरघळवते तो मला अधिक आवडतो. वृद्ध माणसांचे चेहरे मी तिनेच काढतो.

घरात जुनी लेन्स असेल आणि ती विकायचा विचार असेल तर आधी अ‍ॅपर्चर उघडून मागून बॅटरीचा झोत टाकून बघा. वाटलं तर माझ्याकडे घेऊन या, आपण दोघं मिळून बघू. आणि मिरग लागायच्या आत ती कातडी केसमधून बाहेर काढा.