वणव्याआधीची पाने

१२ जानेवारी २०२५
आज देवळात वाडीची बैठक झाली. खाडीकडच्या उतारावर कमरेएवढं गवत वाळून उभं आहे. तिथल्या बऱ्याच जमिनींचे मालक मुंबईला, बेणणी म्हणजे गवत-झुडपं कापायला कुणी नाही. वणवा तिथूनच वर चढतो. दुपारी खारा वारा सुटला की ज्वाळा चढाकडे झुकतात, वरचं गवत आधीच तापवतात आणि आग धावत सुटते. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं, त्यामुळे वनखात्याच्या जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, आमच्या भागात नाहीत. पोलीस पाटील म्हणाले, “ज्याच्या त्याच्या बांधावरून रेषा काढून उपयोग नाही. माथ्यावरून सलग काढूया, मग जमीन कुणाची का असेना.” ठरलं. गैरहजर मालकांना फोन करायचं काम माझ्याकडे आलं.

२ फेब्रुवारी
सगळ्यांनी होकार दिला. एका काकांनी ग्रासकटरच्या पेट्रोलचे पैसेही पाठवले.

आज माथ्यावर वीस फूट रुंदीचा पट्टा कापला. पुढे ग्रासकटर, मागे कोयत्या, त्यांच्या मागे पातेरा ओढणाऱ्या बायका. कापलेलं गवत पट्ट्यात ठेवायचं नाही, गुरांना न्यायचं. नाहीतर तेच आगीला वाट देतं. जिथे कातळ उघडा आहे तिथे रेषा त्याला जोडून घेतली, तेवढे श्रम वाचले. उरलेले खुंट उद्या पहाटे जाळायचे. तेव्हा दव असतं, वारा पडलेला असतो. दोन्ही कडांना पाण्याच्या कळश्या आणि निरगुडीच्या ओल्या फांद्या घेऊन माणसं उभी राहतील. सूर्य वर आला की काम बंद.

१६ फेब्रुवारी
आजचा दिवस घरांसाठी. आगीचा लोळ पोचण्याआधी ठिणग्या उडत येतात, त्या पातेऱ्यात पडतात. म्हणून कौलांवरचा, पन्हळीतला, गोठ्यामागचा पाचोळा काढला. गवताच्या उडव्या आणि लाकडं घरांपासून लांब हलवली. वीजतारांखालची झुडपं तोडण्यासाठी मात्र आधी वायरमनला बोलावलं.

वरच्या घरातल्या वहिनींनी वहीत यादी केली: एकटी राहणारी म्हातारी माणसं कोण, त्यांना कोण आणणार, गुरांची दावी कोण सोडणार. मला आजच्या सगळ्या कामात ही यादी मोलाची वाटते.

१३ मार्च, होळी
शिमग्याला चाकरमानी आले. होळी पेटण्याआधी भोवतालचं गवत काढलं, पाण्याची पिंपं भरून ठेवली. मुंबईकर मालकांना रेषा दाखवायला नेलं. त्यांनी पुढच्या वर्षीची बेणणी आधीच ठरवून दिली.

९ एप्रिल
दुपारी खाडीकडून धूर दिसला. देवळातली घंटा वाजली. वहिनींची यादी हातात होतीच. म्हातारी माणसं आधी देवळात पोचली. आम्ही माथ्यावर रेषेमागे ओळीने उभे राहिलो. उतारात कुणी उतरायचं नाही, हा नियम सगळ्यांनी पाळला. चढणाऱ्या आगीसमोर जाणं म्हणजे जीव घालवणं. आग रेषेशी येऊन मंदावली. रेषा ओलांडून पडलेल्या ठिणग्या ओल्या फांद्यांनी झोडपून विझवल्या. खालची काही काजूची झाडं गेली. घरं, गुरं, माणसं सुखरूप.

१० एप्रिल
पहाटे जाऊन धुमसणारे ओंडके पाणी घालून विझवले. राख थंड दिसली तरी आत विस्तव असतो.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून टिपलेल्या आगींचे संदेश मोबाईलवर पाठवते. तिथे नाव नोंदवलं. पण उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस या उपकरणाचा एक ठिपका ३७५ मीटरचा, आणि ते वाहणारा प्रत्येक उपग्रह दिवसातून साधारण दोनदाच वरून जातो. गवताची आग तासाभरात उतार खाऊन विझते. म्हणून उन्हाळाभर दुपारी माथ्यावर माणूस बसवायचाच.

४ मे
आता भाजावळीचे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायचे दिवस. कुणी कधी राब भाजायचा, ते देवळाच्या फळ्यावर लिहिलं. एका दिवशी एकच घर, तेही सकाळी, शेजारचे चारजण सोबत घेऊन.

ज्यांच्या वाड्या अशाच उतारावर आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच: वणवा एप्रिलमध्ये येतो, पण तो अडवायचं काम जानेवारीत, शेजाऱ्याच्या जमिनीत करायचं असतं. दिवाळीतच शेजाऱ्यांशी बोलून ठेवा, मुंबईच्या मालकांना फोन करा. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक घराघरांत लिहून लावा.