कमाल भाव

आमच्या घरचे हिशेब माझ्याकडे आहेत. द्राक्षाच्या औषधांची बिलं, मजुरांची हजेरी, बाजारातून आलेल्या विक्रीच्या पट्ट्या, सगळं एका लांब वहीत मी उतरवून ठेवते. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात ज्याचा माल जातो त्याला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. दिवसाचे लिलाव झाले की किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव जाहीर होतात. कमाल भाव एखाद-दुसऱ्या गाडीच्या नशिबी असतो. घरं चालतात ती सरासरीवर. २०२३च्या जुलैमध्ये आमच्या पोरांच्या मोबाईलवर मात्र फक्त कमाल भाव दिसत होता.

तेव्हा देशभर टोमॅटोचा तुटवडा पडला होता. २० किलोचं कॅरेट दोन हजारांच्या घरात गेलं. जुन्नरच्या एका शेतकऱ्याने महिन्याभरात १३ हजार कॅरेट विकून दीड कोट कमावल्याची बातमी घरोघर पोचली. त्या माणसाचे कष्ट खरे, पैसाही खरा, त्याबद्दल मला आनंदच आहे. पण त्या बातमीच्या मागोमाग रील्सची जी रांग लागली, ती वेगळी होती. हार घातलेली पिकअप, नोटांची बंडलं, मागे जोरजोरात गाणं आणि ‘शेतकऱ्याचा नाद करायचा नाही’ छापाची वाक्यं.

माझा पुतण्या बी.कॉम. झालेला. नोकरीचे दोन-चार अर्ज करून मग शेतीतच उतरलेला. रात्री जेवणं झाली की पडवीत आडवा पडून तो हेच बघायचा. एकदा त्याने मला एक रील दाखवली. त्याच्याच वयाचा मुलगा कॅमेऱ्यासमोर पट्टी धरून भावाच्या आकड्यावर बोट ठेवत होता. मी फोन हातात घेतला, चित्र थांबवलं आणि मोठं करून पाहिलं. हमाली, तोलाई आणि गाडीभाड्याच्या ओळींवर त्याचा अंगठा होता. वर नगाच्या रकान्यात मात्र आकडा स्पष्ट वाचता येत होता, ११. म्हणजे अकरा कॅरेटची पट्टी. अकरा कॅरेटमध्ये औषधाचं बिलसुद्धा निघत नाही.

मी ते दाखवलं. पुतण्या म्हणाला, “काकू, तू वहीतलंच बघत बसतेस. लोकं कुठल्या कुठं गेली.”

त्याने दोन एकर टोमॅटो लावायचं ठरवलं. त्याच्या बरोबरीच्या बहुतेक मुलांनी तेच ठरवलं होतं, म्हणून रोपवाटिकांत रोपं मिळेनात. मिळाली ती चढ्या दराने. मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या, बांबू, तार, सुतळी, एकेक खर्च मी वहीत लिहीत गेले. जुलै सरता सरता लागवड झाली. लागवडीपासून पहिल्या तोड्याला साधारण दोन महिने लागतात. जुलैचा भाव बघून लावलेलं पीक सप्टेंबरच्या शेवटी बाजारात येणार आणि तेव्हा ते एकट्याचं नसणार, हे आमच्या सासऱ्यांना, आबांना, लिहितावाचता फारसं येत नसूनही पक्कं ठाऊक होतं. ते असते तर म्हणाले असते, सगळे पेरतील ते आपण निम्मं पेरावं.

पुढे काय झालं ते सगळ्या निफाड तालुक्याला माहीत आहे. नवा माल येऊ लागला, नेपाळहून आयात करत असल्याचं केंद्र सरकारने १० ऑगस्टला जाहीर केलं आणि भाव जो घसरला तो थांबेचना. पिंपळगाव, नाशिक, लासलगावच्या बाजारांत दीड महिन्यात दोन हजारांचं कॅरेट सरासरी ९० रुपयांवर आलं. ९० रुपये म्हणजे किलोला साडेचार. तोडणीची मजुरी आणि गाडीभाडं गेलं की हातात काहीच राहत नव्हतं.

शेतीत भाव पडतात, ते आम्हाला नवीन नाही. तोटाही पचवता येतो. मला लागलं ते निराळंच. पूर्वी भाव पडला की माणसं बाजारातून परतताना चहाच्या टपरीवर थांबायची, एकमेकांच्या पट्ट्या बघायची, शिव्या घालायची आणि जरा हलकी होऊन घरी यायची. आता सगळी मुलं एकदम गप्प झाली. स्टेटस बंद. पट्ट्यांचे फोटो बंद. जुन्या रील्स मात्र तशाच फिरत राहिल्या, कारण फोनला काय ठाऊक त्या जुलैच्या आहेत. भाव सगळ्यांचा पडला होता, पण फोनमध्ये कुणाचाच पडला नव्हता. आमच्या पोराची समजूत झाली की तो एकटाच नालायक ठरला. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणायचा. चौकात जाणं सोडलं. मित्राच्या हळदीलासुद्धा गेला नाही.

मग दुसऱ्या रील्स सुरू झाल्या, टोमॅटो रस्त्यावर फेकण्याच्या. शेजारच्या वस्तीवरची मुलं त्याला बोलावून घेऊन गेली. रात्री उशिरा तो माझ्याजवळ येऊन बसला आणि सांगू लागला. पहिलं कॅरेट ओतलं तेव्हा एकाला खरोखर रडू फुटलं होतं. पण शूटिंग करणारा म्हणाला, “नीट आलं नाही, परत ओत.” म्हणून त्यांनी दुसरं ओतलं. “काकू, दुसऱ्या वेळी मला काहीच वाटलं नाही,” तो म्हणाला. त्या काहीच न वाटण्याची मला फार भीती वाटली. अजून वाटते.

फोन काढून घ्या म्हणणाऱ्यांतली मी नाही. १ जून २०१७ला पुणतांब्याचा शेतकरी संप गावोगाव पोचला तो पोरांच्या मोबाईलवरूनसुद्धा. २०१८मध्ये आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे आलेले १०६४ रुपये पंतप्रधानांना मनिऑर्डरने पाठवले, तेही या पडद्यांवरून लोकांपर्यंत पोचलं. द्राक्षाच्या पानावर डाऊनी रोगाचा डाग दिसला की आमची मुलं फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि फवारणी वेळेत होते. चार बाजारांचे भाव घरबसल्या कळतात, त्यामुळे व्यापाऱ्याशी बोलताना मान खाली घालावी लागत नाही. हे आमच्या पिढीला मिळालं नव्हतं.

त्या रात्रीनंतर मी माझ्या जुन्या वह्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. टोमॅटोची पानं खुणेला दोरा घालून. तो बराच वेळ वाचत होता. मधेच विचारायचा, “या साली आपण इतकं घालवलं? मग आबा काही बोलले कसे नाहीत?” मी म्हटलं, बोलले होते, तू लहान होतास.

दिवाळीनंतर त्याने मुलांच्या ग्रुपवर स्वतःची पट्टी टाकली. ९० रुपयांची, खर्चाच्या ओळींसकट, अंगठा न ठेवता. खाली आमचा एकूण तोटा लिहिला. तासभर कुणीच काही बोललं नाही. मग एकाने आपली टाकली, मग आणखी दोघांनी. आता तो प्रत्येक मालाची पट्टी टाकतो. चांगली आली तर चांगली, पडली तर पडलेली, सोबत त्या दिवसाचा सरासरी भाव.

आमच्या जाऊबाईंना हे मुळीच पसंत नाही. पोरगा लग्नाचा आहे. शेती करणाऱ्या मुलाला आधीच मुली मिळेनात आणि स्थळाकडची माणसं आधी मोबाईल तपासतात, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. गेल्या महिन्यात चांदवडकडचं एक स्थळ आलं तेव्हा त्यांनी त्याला हात जोडले, “ती नव्वदची पट्टी तेवढी काढून टाक रे बाबा.” त्याने काढली नाही. मी त्याच्या बाजूने बोलले म्हणून जाऊबाई माझ्यावर रागावून आहेत. स्थळाकडून अजून निरोप आलेला नाही.